आंजेलिमचा नवा चाटू

सीरियोच्या सणाची देवीची मिरवणूक बघून घामाघूम होऊन मी ओस्मारिनाताईच्या घरी पोचले, तर आत नुसता गोंधळ. पाहुणे ओसरीवर जेवणाची वाट बघतायत आणि माझी थोरली बहीण स्वयंपाकघरात हात नाचवत ओरडतेय, "कडू आहे! विष घालतेस का गं आम्हाला?"

समोर तिची सून जुसारा उभी. लग्नानंतरचा हा पहिलाच सण आणि मानिसोबा, म्हणजे कसाव्याच्या पाल्याचं नि डुकराच्या मांसाचं कालवण, तिने रांधायचा ठरलेला. कसाव्याचा पाला आठवडाभर चुलीवर शिजावा लागतो, तेव्हा कुठे त्याचं विष उतरतं. पाला कच्चा ठेवलास, यापेक्षा मोठा आळ आमच्या बेलें शहरात सुनेवर नाही.

"मावशी, देवीची शपथ, जाळ कमी पडू दिला नाही," जुसारा रडवेली झाली. "पण आता माझ्या हातचं कोण खाणार? ओसरीवर सगळ्यांनी ऐकलंय."

"ओत ते उकिरड्यावर!" ताई कडाडली.

"ताई, जरा दमाने घे," म्हणत मी चव घेतली. बाप रे! कडू जहर. तेवढ्यात भांड्यातल्या चाटूकडे लक्ष गेलं. कोरा करकरीत.

"हा कुठून आला?"

"जुना परवा मोडला. बाबांनी नवा करून दिला," जुसाराने सासऱ्यांकडे बोट दाखवलं.

जेनेझियो भावोजींची छाती फुगली. "आंजेलिम आहे! जुनाही आंजेलिमचाच होता. वखारीतून निवडून आणलंय लाकूड."

आंजेलिम म्हणे! शेंगा धरणारी डझनभर झाडं आमच्याकडे याच नावाने विकली जातात. मी संशोधन संस्थेच्या लाकूड-संग्रहात याच झाडांची लाकडं शेजारी शेजारी ठेवून ताडून बघते, तोच माझा धंदा. मी पर्समधून भिंग काढलं.

"झालं! निघालं भिंग!" ताईने कपाळावर हात मारला. "इथे अब्रूचा पंचनामा होतोय आणि ही बाई लाकडं बघत बसणार!"

मी तिकडे लक्षच दिलं नाही. जळणात टाकलेला जुना चाटू उचलला, दोन्हींच्या दांड्यांच्या टोकांवरून धारदार सुरीने पातळ काप काढले, थुंकी लावली आणि भिंग धरलं. दोन्हींत मोठाली छिद्रं, छिद्राभोवती पंखांसारखे फिकट ठिपके, ते एकमेकांना जोडून झालेले नागमोडी पट्टे. सख्खे भाऊच! त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात भिंगाने काही निकाल लागेना. असं अडलं की आम्ही लाकूड ओळखणारे लोक जे करतो तेच मी केलं. जीभ लावली.

जुना बेचव. नवा चाटला मात्र, डोळेच पांढरे झाले माझे.

"हे कडू आंजेलिम आहे. झाडच वेगळं! घे ताई, चाट."

"मी? लाकूड? डोकंबिकं फिरलंय का तुझं?"

"चाट म्हणते ना!"

ताईने चाटला. तिचं तोंड असं काही वाकडं झालं की रडता रडता जुसाराही फिसकन हसली. मग ताईने तो चाटू भावोजींच्या नाकासमोर धरला. त्यांनी जरासा चाटला आणि ते परसात सटकले.

"बरं, चाटू कडू. पण पाला शिजला होता कशावरून?" ताई कसली ऐकतेय!

"भांड्यात मावेना म्हणून अर्धा पाला पहिल्यापासून शेजारच्या बेनेदिताकाकूंच्या चुलीवर आहे," जुसारा हळूच म्हणाली. "तोही मीच शिजवलाय. तिथे लोखंडी पळी आहे."

"मग आधी का नाही बोललीस?"

"बोलू दिलंत कुठे?"

ताई तरातरा शेजारी गेली. परतली ती ते जडशीळ भांडं स्वतः उचलून. सरळ ओसरीवर नेऊन ठेवलं. डुकराच्या मांसाचा काय घमघमाट सुटला होता! पण एकाही पाहुण्याचा हात पुढे येईना. विष हा शब्द सगळ्यांच्या कानात बसलेला. मला तर जुसाराकडे बघवेना.

ताईने ताट घेतलं. भात, त्यावर मानिसोबा, वर कसाव्याच्या कंदाचा भरडा. आणि सगळ्यांसमोर उभ्या उभ्या शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.

"माझ्या सुनेने रांधलाय," ती म्हणाली. "मी तिला उगाच बोलले. चूक माझी."

भराभर ताटं पुढे आली. पण ताईने पहिलं ताट भरलं ते दारात उभ्या जुसाराच्या हातात दिलं.

"आधी तू बस. आज मी वाढते."