टाक्यातली सेना

पाड्यावरच्या दगडी टाक्याभोवती एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. हरसूलहून भरून आलेल्या जीपा, अंबडच्या कारखान्यातून रजा टाकून आलेली माणसं, आणि सगळ्यांच्या हातात रिकामे कॅन.

धनराज महाराजांची पद्धत ठरलेली. प्रत्येक घरानं तांब्याभर नागलीची आंबील टाक्यात ओतायची. दोन दिवसांत पाणी ताकासारखं गढूळ झालं की महाराज सांगायचे, पाप वर आलं. मग चिमूटभर अंगारा. पाच दिवसांत पाणी नितळ. देवीनं पाप पिऊन टाकलं, आता औषधं बंद करा, हेच प्या. हे सांगताना ते असे डोळे मिटायचे, जणू देवीचा फोन चालू आहे.

मला हसूच आलं असतं. पण ललिताआत्यानं तिच्या सहा वर्षांच्या लेकीच्या, आशाच्या, टायफॉइडच्या गोळ्या चौथ्याच दिवशी बंद केल्या होत्या. पोर टाक्याचं पाणी पीत होती आणि ताप उतरत नव्हता.

मी नववीत आहे. यंदा विज्ञान प्रदर्शनात तालुक्यात पहिली आले, त्यामुळे अंगात जरा वारं होतं. आंबील ओतण्याआधीच टाक्यातलं पाणी आणून मी शाळेत दोन बरण्या भरल्या. आंबील दोन्हींत, अंगारा एकीतच. दोन्ही एकाच दिवशी गढूळ झाल्या, एकाच दिवशी निवळल्या.

मधल्या दिवसांत विज्ञानाच्या दिनेश सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला. चपलेच्या आकाराचे जीव गरगर फिरत जिवाणू गिळत होते. सर म्हणाले, आंबील खाऊन जिवाणू वाढतात म्हणून पाणी गढूळ होतं, मग त्यांना खाणारे वाढतात म्हणून निवळतं. पण त्यांचं तोंड इवलंसं. जे जिवाणू लांब दोरे किंवा गुठळ्या करून राहतात, ते गिळता येत नाहीत.

"नितळ म्हणजे निर्धोक नव्हे," सर म्हणाले.

बाजारच्या दिवशी बरण्या आणि सूक्ष्मदर्शक घेऊन आम्ही टाक्यावर गेलो. मी सगळं घडाघडा सांगितलं. मग टाक्यातल्या पाण्याचा थेंब ठेवून आत्याला भिंगातून बघायला लावलं. तिनं बराच वेळ बघितलं आणि सूक्ष्मदर्शकालाच हात जोडले.

"खरंच हाय गं. देवीची माणसं पाप खाऊन राहिली."

महाराजांनी क्षणही दवडला नाही. "बघा, शाळेच्या यंत्रातसुद्धा देवीची सेना दिसली!"

रांग दुप्पट झाली. बिनअंगाऱ्याच्या बरणीबद्दल कुणी विचारलंच नाही. मी ओरडत राहिले, ते न गिळलेले दोरे तरी बघा. आत्या कॅन भरत होती.

"आत्या, निदान उकळून तरी दे."

"उकळलं तर सेना मरंल ना, पोरी."



तिसऱ्या दिवशी आशाचं पोट फुगलं, ती कुणाला ओळखेना. जीपनं तिला नाशिकच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणतात, आठवडाभर काही सांगता येणार नाही. आत्या खाटेशेजारी बसून आहे आणि कॅन खाटेखाली आहे.

आशा वाचली तर श्रेय टाक्याला जाणार, हे मला आत्ताच कळतंय. जाऊ दे. तुम्ही देवीला मानता की नाही हे मी विचारतच नाही. पाणी उकळा, गोळ्या पूर्ण करा, आणि कुणी चमत्कार दाखवला तर एक बरणी अंगाऱ्याशिवाय ठेवून बघा.