शेजारच्या खिडकीची रांग

पाणीखात्यात तक्रारी घ्यायला दोन खिडक्या होत्या. पहिलीत थोरली जाऊ बसे, दुसरीत धाकटी. धाकटीसाठी साहेबांकडे शब्द टाकला होता तो थोरलीनेच, आणि त्याचा पश्चात्ताप ती आता रोज ऑफिसच्या वेळेत करत असे.

कारण रांग. थोरलीची खिडकी मोकळी असली तरी माणसं दुसरीपुढे ताटकळत. "इकडे या, इथे कोणी नाही," असं तिने म्हटलं, की एखादे आजोबा ओशाळून म्हणत, "असू द्या बाई, मला घाई नाही." पाणी नाही म्हणून आलेला माणूस, आणि घाई नाही!

बरं, धाकटी काही जादू करत होती असंही नाही. उत्तर दोघींचं एकच: आठवडाभरात माणूस येईल. थोरली ते मान वर न करता सांगून मोकळी होई. धाकटी आधी पेन खाली ठेवी आणि विचारी, "कधीपासून? घरात लहान मूल आहे का?" मुलाची चौकशी केल्याने नळ काय लवकर वाहतो? खात्याकडे पाणी मागावं, खात्याने ते द्यावं. हे लाड कुठल्या नियमात बसतात, हे थोरलीला कळत नसे.

त्यातच आतलं टेबल रिकामं होणार होतं. कुणाकडे आधी माणूस पाठवायचा ते त्या टेबलावर ठरे. थोरलीचा जीव त्यात अडकला होता. पण साहेब येता-जाता धाकटीच्या रांगेकडे बघून गालात हसत, आणि टेबल तिलाच जाणार असं थोरलीला वाटे.

अशात थोरलीच्या घरचाच नळ आटला. सासूबाई तिच्याकडेच राहत. धाकटीचं घर पलीकडच्या गल्लीत. सकाळी त्या म्हणाल्या, "धाकटीला फोन लाव. ती बघेल."

"आई, मीही त्याच ऑफिसात असते."

"असतेस गं. पण ती ऐकते."

आता खात्याचा नियम असा, की स्वतःच्या घरची तक्रार स्वतःच्या खिडकीत घ्यायची नाही. नियम मोडेल तर ती थोरली कसली. खिडकी बंद करून ती गपचूप दुसऱ्या रांगेत उभी राहिली.

पुढची बाई वळून म्हणाली, "तुम्हीपण? बरोबर आलात."

थोरलीचे कान तापले. नंबर आला तसं धाकटीने पेन खाली ठेवलं. "बोला ताई, कधीपासून?"

एका वाक्यात उरकायचं असं ठरवून आलेली थोरली सासूबाईंच्या गुडघ्यांपासून धुण्याच्या ढिगापर्यंत सगळं सांगून बसली. मागचे लोक निमूट थांबले होते. परत जाताना तिला हलकं वाटत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. "आतलं टेबल तुम्हाला देतोय."

थोरलीचा क्षणभर विश्वास बसेना.

"धाकट्या बाईंना हलवलं तर लोक गोंधळ घालतील," साहेब म्हणाले. "तुमच्या खिडकीचं तसं नाही. आज तर तुम्हीच त्यांच्या रांगेत दिसलात."

दुसऱ्या दिवशी नव्या टेबलावर तक्रारींचा गठ्ठा आला. त्यात धाकटीच्या अक्षरात थोरलीच्याच घरची तक्रार होती. माणूस आत्ता पाठवला असता, तर दुपारी नळाला पाणी आणि सासूबाईंच्या तोंडी धाकटीचं नाव. थोरलीने ती तक्रार, कालचीच म्हणून, तिच्या रीतसर जागी, गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली. नियमाला धरून एवढं सुख तिला कधी मिळालं नव्हतं.

घरी आली तर सासूबाईंनी बादल्या दारातच मांडून ठेवलेल्या. "धाकटीकडून पाणी आण. आणि नळाचा जिवाला घोर लावून घेऊ नको, तिने तक्रार घेतलीय."

"माणूस पाठवणं आता माझ्या हातात आहे, आई."

"हो का?" सासूबाई खूश झाल्या. "मग तिला सांगून ठेव. ती तुला आठवण करील."

थोरलीने बादल्या उचलल्या आणि पलीकडच्या गल्लीच्या वाटेला लागली.