तहानलेला खांब

लोणावळ्यात, तुंगार्लीच्या त्या बंगल्यात गॅसचा भडका उडून स्वयंपाकीण लीलाबाई गेली, तेव्हापासून राखणदार बजरंग स्वयंपाकघरात चपला काढूनच शिरायचा. शिरणं तर भाग होतं. मालकीण रेणुकाताईंनी बजावलंच होतं, भाड्यानं उतरणारे पाहुणे येईनासे झाले तर बंगला विकणार. म्हणजे बजरंगच्या बिऱ्हाडाची मागची खोलीही गेली.

त्या भडक्यात जळालेला, शेगडीजवळचा खांब एकदा लिंपून झाला होता. पाहुण्यांसाठी शेगडी पेटली आणि खांबाचा कपचा फटकन उडून थेट भज्यांच्या कढईत. पाहुणे गरम भजी टाकून पळाले. लोणावळ्यात याहून मोठा अपशकुन नाही.

ठेकेदार अतुल म्हणाला, भूतबित काही नाही. मालात अडकलेल्या पाण्याची वाफ होते, वाट मिळाली नाही की फोडून बाहेर पडते. या खेपेला त्यानं सिमेंटच्या मालात प्लॅस्टिकचे केसासारखे तंतू कालवले. आगीत ते वितळतात आणि त्यांच्या जागेतून वाफ निसटते. बजरंगनं ते पांढरे तंतू चिमटीत धरले. त्याला लीलाबाईचा अंबाडाच दिसला.

आठवडाभर पाणी मार, मग वाळू दे, असं अतुलनं बजावलं होतं. बजरंग थांबलाच नाही. जळून मेलेल्या बाईची तहान आठवड्यात कशी भागेल? रोज खांबाला ओलं पोतं गुंडाळून तो पुटपुटायचा, "पी मावशी. आन शेगडीवर राग काढू नगं."

परीक्षेला भरदुपारी अतुलनं खांबाला मोठा बर्नर लावला. कपचा उडाला नाही. आधी खांबाला घाम फुटला. मग ओघळ सुटले. आणि आतून एक बारीक, लांबलचक सुस्कारा निघाला. संपला म्हणेस्तोवर दुसरा.

अतुल हरखला. "ताई, माल पास. साधी चीर नाही. पण एवढं पाणी कुठून आलं?"

"म्या पाजलं," बजरंग म्हणाला. "तिला लय तहान हुती."

रेणुकाताई मागं सरकत सरकत गाडीत जाऊन बसल्या. अतुल खिडकीशी वाफेचं शास्त्र सांगत राहिला, काच वर जात राहिली.

बंगला विकायला निघाला, पण गोष्ट गावभर झालेली. गिऱ्हाईक फाटकावरूनच परतायचं. शेवटी ताईंचा फोन आला, "बजरंग, तुम्हीच राहा आता. कायमचे."

बायको सविता तोवर पोरं घेऊन भाजे गावाला निघाली होती. "खोली तुमास्नी मिळाली," ती म्हणाली. "आमास्नी न्हाई."

बजरंग उंबऱ्यावर बसला. आत, बंद स्वयंपाकघरात, कुणीतरी भांडी लावायला लागलं.