घडी बरी नाही

एन्नोरच्या एका कारखान्याच्या धुराड्यावर धूर मोजणारा मीटर होता. त्याचे आकडे दर मिनिटाला पेरुंगुडीच्या ऑफिसात येत आणि देविकाच्या प्रोग्रॅममध्ये आलेखाची रेघ पुढे सरके. अधूनमधून ती तुटे. कधी दहा मिनिटं, कधी तासभर. कारखान्याने लेखी तक्रार केली होती: प्रोग्रॅम आकडे गिळतो. देविकाला सांगलीहून येऊन पाच महिने झाले होते. कारण सापडलं नाही तर नोकरी कायम होणार नव्हती. तिच्या वरिष्ठाने, कुशलने, तसं स्पष्टच सांगितलं होतं.

"तुटलेली टोकं जोडून टाक ना," तो म्हणाला. "सरळ रेघ. भिंग घेऊन कोण बसलंय?"

"मधे काय झालं ते आपल्याला माहीत नाही."

"हरिश्चंद्राची लेक भेटली मला! बरं, पुढच्या शुक्रवारपर्यंत शोध."

मीटर राममूर्ती राव सांभाळत. ते तंजावरकडचे, मराठी जुनं, बोलण्याची चाल तमिळ. तिने त्यांना फोन केला.

"काल साडेतीनला आकडे का थांबले?"

"घडी बरी नव्हती, अम्मा."

घडी म्हणजे घड्याळ, असं तिने धरलं. मीटरचं घड्याळ चुकलं तर आकड्यांवर चुकीची वेळ पडते आणि प्रोग्रॅम ते टाकून देतो. कारण पटण्यासारखं होतं. चार दिवस तिने मीटरचं, तिथल्या कॉम्प्युटरचं आणि ऑफिसातलं घड्याळ ताडून पाहिलं. दोन सेकंदांचाही फरक नव्हता.

मग तिने सगळ्या लांब फटी कागदावर मांडल्या. त्यांची सुरुवात कुठेही होती. शेवट मात्र वाराला बांधलेला: सोमवारी नऊ, मंगळवारी साडेचार, बुधवारी दीड. यंत्राला वार कळत नाहीत.

मंगळवारी ती एन्नोरला गेली. सव्वातीनला राममूर्तींनी मीटर बंद करून काच पुसली, फडकं घडी करून ठेवलं आणि कॉफी घेऊन निवांत बसले.

"चालू नाही करत?"

"घडी बरी नाही, सांगितलं नव्हे? राहुकाळ. साडेचारपर्यंत. चाललेलं चालू दे, पण बंद केलेलं सुरू करायचं नाही."

"राव, मी चार दिवस घड्याळं तपासली!"

"घड्याळाला काय धाड भरली?" त्यांनी मनगट कानाला लावून पाहिलं.

देविकाने फटींचा कागद उघडला. "काच राहुकाळाच्या आधीच पुसली तर?"

"सेरी, पुसतो. हे आधी सांगायचं नव्हे?"

तिने प्रोग्रॅममध्ये वारांचा तक्ता घातला. राहुकाळाच्या तासभर आधी रावांच्या टेबलावर घंटी वाजू लागली. बुधवारी आणि गुरुवारी रेघ दहा मिनिटांपलीकडे तुटली नाही. अहवालात तिने लिहिलं: काच पुसल्यावर मीटर उशिरा चालू होत असे; पुसण्याची वेळ बदलली आहे. जुन्या फटी तिने तशाच ठेवल्या.

शुक्रवारी अकराला कुशलने कायम केल्याचं पत्र टेबलावर ठेवलं. तिने उभ्या उभ्याच सही करून प्रत परत दिली.

अकरा चाळीसला रावांचा फोन आला. तिने पत्र आल्याचं सांगितलं.

"आज शुक्रवार गे, बारापर्यंत राहुकाळ. सही बारानंतर कर. एवढं तरी ऐक."

देविकाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बारानंतरच करते," ती म्हणाली.