पिवळ्या दोऱ्याचा इलाज

दुकानात येणारे-जाणारे सगळे तिला टाचणीबाई म्हणत, आणि त्यात काही चुकीचं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून ती त्या चिंचोळ्या दुकानात लोकांच्या पॅन्ट आखूड आणि कोट सैल करत आली होती, आणि टाचण्या ठेवायची तिची जागा एकच, पुढचे दात. चार-पाच टाचण्या दातांत धरल्या की दोन्ही हात मोकळे. शिवाय बोलावं लागत नाही, हा त्यातला खरा फायदा.

काउंटरवर तिची थोरली नणंद बसे. बाई जिभेची गोड. समोर कोणीही कपडा ठेवला की ही म्हणणार, "आज संध्याकाळी घेऊन जा," आणि मग मागच्या पडद्याकडे मान वळवून विचारणार, "होईल ना गं?" पडद्याआडून "हं" एवढंच येई. तोंडात टाचण्या असताना दुसरं काय येणार? नणंदबाई लगेच हँगरला पिवळा दोरा बांधून तो कपडा रॅकवर लटकवत. पिवळा दोरा म्हणजे आजच्या आज. दुकानाचा हा जुना रिवाज होता आणि टाचणीबाईच्या नाकी नऊ आणायला तो एकटा पुरेसा होता.

आता तिच्या दातांचं. ते लहानपणापासून एकमेकांवर चढलेले. हसू आलं की तिचा हात आपोआप तोंडावर जाई. माहेरी म्हणाले, दातांनी काय अक्षर काढायचंय? सासरी कोणी विचारलंच नाही. चाळिशी उलटल्यावर मात्र एक दिवस ती कोणाला न विचारता गेली आणि दातांना तारा लावून आली. आयुष्यात स्वतःच्या मनाने केलेली ही तिची पहिली गोष्ट. नवरा नुसता बघतच राहिला.

तारा लागल्या आणि दातांतल्या टाचण्या बंद झाल्या. त्यांची रवानगी मनगटावरच्या उशीत झाली. दातांना मात्र हे कोणी कळवलं नव्हतं. ते तसेच गच्च मिटायचे, मध्ये काही नसताना. सकाळी उठावं तर कानशिलं ठणकताहेत, दुपारपर्यंत जबडा दगड. दाताला चिकटवलेला एक ब्रॅकेट निखळला, मग दुसरा, मग पहिलाच पुन्हा.

डॉक्टरीणबाईंनी शेवटी चष्मा काढून ठेवला. "हे बघा, तुम्ही असेच दात आवळत राहिलात तर दातांची मुळं दुखावतील. आता आणखी एक जरी निघाला ना, तर मी तारा उतरवणार. मग विषय संपला."

"मी मुद्दाम नाही हो आवळत."

"माहितीये. म्हणून तर सांगतेय. जीभ टाळूला, ओठ मिटलेले, दात सुटे. जेवताना सोडून दात दातांना लागताच कामा नयेत. आठवण राहत नसेल तर जागोजागी खूण लावा. खूण दिसली की जबडा सैल."

टाचणीबाईने त्याच दिवशी खुणा केल्या. हाताशी रीळ होतं, त्याचे तुकडे तोडून मशीनच्या चाकाला बांधले, कात्रीला बांधले, आरशाच्या खिळ्याला, घरच्या नळालासुद्धा. आणि आठवडाभरात तिची अवस्था आधीपेक्षा वाईट झाली. एका जागी बसवेना. शिवताना पाय मशीनवर आणि जीभ सारखी दातांवर, सगळे ब्रॅकेट जागेवर आहेत ना म्हणून चाचपत. जेवताना घास इकडून तिकडे फिरे. गरम फडक्याने गाल शेकावेत, तर समोर नळाचा दोरा दिसे आणि जबडा पुन्हा घट्ट. नवरा वर म्हणे, "सैल सोड, सैल सोड." त्याने तर अंगाचा तिळपापड होई.

शनिवारी सकाळी मशीनवर बसल्या बसल्या जिभेला एक ब्रॅकेट किंचित हललेला लागला. अजून निघाला नव्हता, पण एकदा दात कचकन मिटले की संपलं. तिने घाबरून चाकाच्या दोऱ्याकडे पाहिलं, आठवण म्हणून. दात मिटले. तिने नजर काढून रॅककडे वळवली. तिथे कोटांच्या गळ्यात पिवळे दोरे. दात आणखी मिटले.

मग ती चाकाकडे आणि रॅककडे आळीपाळीने बघत राहिली आणि तिने कपाळाला हात लावला. रीळ तेच होतं. ज्या पिवळ्या दोऱ्याने इतकी वर्षं धडकी भरवली, तोच तिने सैल पडायची खूण म्हणून घरादारात बांधून ठेवला होता. स्वतःचाच तिला इतका राग आला की चाकावरचा दोरा तिने कात्रीने कापून टाकला.

तेवढ्यात बाहेर कोणी आलं. बस चालवणारा एक नेहमीचा माणूस, हातात जाड कोट, अस्तर फाटलेलं.

"संध्याकाळी घेऊन जा," नणंद म्हणाली. "होईल ना गं?"

हं घशापर्यंत आलं. त्याबरोबर जबडाही आवळायला लागला. तिने जीभ टाळूला लावली, दात सुटे केले, आणि तोंड उघडंच आहे म्हटल्यावर ती उठून पडद्याबाहेर आली.

"नाही होणार, वन्सं. बुधवारी होईल."

नणंदेच्या हातात पिवळा दोरा तसाच राहिला. इतकं सलग वाक्य पडद्याआडून कधी आलं नव्हतं.

"बुधवारी कशाला?" ड्रायव्हर म्हणाला. "थंडी पडायला अजून महिना आहे. जाता जाता टाकावा म्हणून आणला होता. तुम्हीच दर वेळी संध्याकाळी म्हणता, म्हणून मी आपला वाट वाकडी करून येतो."

तो गेला. टाचणीबाई रॅककडे बघत उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि संतापही. ही घाई कोणाची होती मग?

नणंद खाली बसली. "लवकर दिलं नाही तर लोक दुसरीकडे जातील, असं मला वाटायचं गं," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने कात्री उचलली आणि रॅकवरचा पहिला दोरा कापला. "हा कधी होईल?"

"सोमवारी."

दुसरा कापता कापता ती थांबली. "आणि इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तोंडात टाचण्या होत्या ना, वन्सं."

नणंदेने काउंटरची मागची बाजू मोकळी केली, एक स्टूल ओढलं, आणि पडद्याआडचं मशीन बाहेर आणायला हात लाव म्हणाली.