माझी जागा धरून बसलेली बाई

मित्रांनो, मी एक जुनी राखाडी मोटार आहे. चार दारं, पाच माणसांची सोय आणि एका दिव्याखाली लहानसा पोचा. तो कुणी पाडला हे मला पक्कं ठाऊक आहे, पण त्या माणसाचंही आता वय झालंय, जाऊ द्या. सध्या मी एका मोकळ्या अंगणात उभी असते. वेळ भरपूर आहे आणि बोलायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला हाक मारली.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. माझ्या पुढे एक, मागे एक, अशा अगदी माझ्यासारख्याच बहिणी रांगेत सरकत होत्या. कुणी आम्हाला दारं बसवत होतं, कुणी काचा. शेवटी एका बाईने मऊ फडक्याने माझं अंग पुसलं, टपावर थाप मारली आणि म्हणाली, ‘‘चल, सूट आता.’’ त्या दिवसापासून बहिणींची गाठ पडली नाही. सिग्नलला कधी एखादी दिसायची, पण दिवा हिरवा झाला की ती तिकडे आणि मी इकडे.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. ते मला बंद गॅरेजमध्ये ठेवत आणि रुग्णाच्या दाताइतकीच बारकाईने माझी चाकं घासत. येणारे-जाणारे म्हणायचे, ‘‘काय हो डॉक्टर, गाडी अजून कालच आणल्यासारखी!’’ तेव्हा माझ्या काचांना जरा जास्तच चकाकी यायची, खोटं कशाला बोलू? पुढे त्यांची नजर अधू झाली आणि त्यांनी मला विकून टाकलं.

मला घेतलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी. अडकलेल्या माणसांना धीर देत देत बाहेर काढणं हे त्यांचं काम. माणूस गरीब स्वभावाचा, पण एकदा डोक्यात काही बसलं की दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टसारखा. ना वर, ना खाली. त्यांची बायको शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात कापड बेतायची. तिला तिची थोरली बहीण ‘चिमी’ म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते.

मला घेतलं ते चिमीसाठी. ही थोरली बहीण, ताई, शहराबाहेर लांब, वळणावळणाच्या रस्त्याच्या टोकाला एकटीच राहते. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. समोर बसून मोठ्याने बोललं तरच तिला कळतं. बसने जावं, तर चिमीला बस लागते. तिसऱ्या वळणाला तिचा चेहरा पांढरा पडतो आणि पुढचं सांगण्यासारखं नाही. मोटारीत पुढच्या सीटवर बसलं की मात्र तिला काही होत नाही. म्हणून दोघांनी पै-पै साठवून मला आणलं. आणलं त्या दिवशी ती माझ्या पुढच्या सीटवर बसली, दार लावून घेतलं आणि गाडी सुरू नसतानाच कितीतरी वेळ समोर बघत राहिली.

‘‘अगं, उतर की,’’ ते म्हणाले.

‘‘बसू द्या हो. ताईकडे चाललेय असं समजा.’’

मला घेताना त्यांनी सगळं धरलं होतं. विमा, पेट्रोल, टायर, दुरुस्ती, सगळं. धरली नव्हती ती जमीन! त्या शहरात माणसाला झोपायला जेवढी जागा मिळते, त्याहून जास्त मला नुसतं उभं राहायला लागते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. भाड्याचं वाहनतळ होतं, पण त्याचं भाडं ऐकून ते म्हणाले, ‘‘एवढ्यात मीच तिथे खाट टाकून राहीन.’’ मग उरली ती त्यांच्या गल्लीची कड. जो उभा राहील त्याची जागा. नशिबाने मला फाटकाजवळ जागा मिळाली, अगदी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली.

पहिल्यांदा आम्ही ताईकडे गेलो, तो माझ्या आयुष्यातला सोन्यासारखा दिवस. चिमी वाटेत गात होती. आवाज बेताचाच, पण मनापासून. ताईच्या अंगणात मला कसंही उभं करता आलं, आडवं, तिरपं, मधोमध! दोघी बहिणी दिवसभर इतक्या मोठ्याने बोलत होत्या की झाडावरचे पक्षी उठून गेले.

संध्याकाळी परत आलो तर माझ्या जागेवर एक पांढरी व्हॅन. आम्ही गल्लीला फेऱ्या घातल्या, मग शेजारच्या गल्लीला, मग त्याच्याही पलीकडे. शेवटी त्यांनी मला एका औषधाच्या दुकानासमोर लावलं. सकाळी मला साखळदंडाने उचलून नेलं. पुढची चाकं अधांतरी, मान वर, अशी माझी सगळ्या शहरातून धिंड निघाली. सोडवून आणायला चिमीच्या अख्ख्या महिन्याच्या पगाराला पाय फुटले.  त्या दिवशी चहा पिऊन झाल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘‘यापुढे जागा सोडायची नाही.’’

झालं! लिफ्ट मध्येच अडकली.

त्यानंतर मी उभीच. ते कामाला बसने जायचे. गाडीवाला माणूस बसच्या रांगेत उभा, आणि गाडी खिडकीखाली गप्प. माझ्या टपावर पानं साचली, काचेवर धूळ बसली. चिमी भांडी घासताना खिडकीतून माझ्याकडे बघायची. मीही बघायचे. आम्ही दोघीही जिथे जायला निघालो होतो तिथे जात नव्हतो.

मग गल्लीतल्या लोकांचा दंडक त्यांना कळला. तो सांगितला शिट्टीकाकांनी. हे समोरच्या घरातले निवृत्त ड्रॉईंग मास्तर, सदा तोंडात शिट्टी आणि नजर माझ्या जागेवर. लिफ्टवाल्यांनी एकदा माझ्या जागी बादली ठेवून मला जरा फिरवून आणलं, तर परत येईपर्यंत बादली फाटकावर लटकत होती आणि जागेवर काकांची हिरवी गाडी.

‘‘काका, बादली ठेवली होती ना मी?’’

‘‘बादली म्हणजे वस्तू,’’ काका म्हणाले. ‘‘वस्तू उचलून बाजूला ठेवता येते. माणूस बसलेला असेल तर त्याला उठवायचं नाही. या गल्लीत आजपर्यंत कुणी उठवलेलं नाही. आमची सासू काय उगाच उन्हात बसते?’’

आणि खरंच होतं ते. रविवारी त्या गल्लीत बघावं तर मोकळ्या चौकोनात माणसं बसलेली. कुणाचे सासरे पेपर वाचताहेत, कुणाची सून मांडीवर संगणक घेऊन, कुणाची आत्या विणकाम करतेय. घरची गाडी फिरायला गेली की घरचं माणूस तिच्या जागी. चिमीच्या घरी माणसं दोनच, आणि मोटार चालवता यायची ती नवऱ्यालाच. तेव्हा बसायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता.

‘‘तुम्ही जाऊन या,’’ ती म्हणाली. ‘‘ताईला बघून या. मी बसते.’’

मित्रांनो, इथे मला तुमच्याशी जरा सावकाश बोलायचं आहे. जिच्यासाठी मला घेतलं, ती स्टूल टाकून माझ्या जागेवर बसली आणि मी तिच्याशिवाय तिच्या बहिणीकडे निघाले! कुणालाच हे विचित्र वाटलं नाही. तिने डबा दिला, औषधं दिली, शिवलेलं झबल्यासारखं सैल पोलकं दिलं आणि हात हलवला. मागच्या आरशात ती लहान लहान होत गेली.

असं मग दर महिन्याला व्हायला लागलं. ताई फाटकाशी यायची, माझ्या पुढच्या काचेतून वाकून बघायची.

‘‘या पाहुणे. चिमी कुठाय?’’

‘‘जागा धरून बसलीय!’’ ते ओरडून सांगायचे.

‘‘कसली जागा?’’

‘‘गाडीची!’’

ताई माझ्याकडे बघायची, मग आपल्या एवढ्या मोठ्या अंगणाकडे. निघताना ती चिमीच्या सीटवर काहीतरी ठेवायची. कधी लिंबं, कधी अंडी. एकदा मोठा भोपळा ठेवला. वळणावर तो घरंगळायला लागला, म्हणून यांनी त्याला पट्टा बांधला. सगळा रस्ताभर माझ्याशेजारच्या गाड्यांतली पोरं त्या भोपळ्याकडे बोट दाखवून हसत होती. मला मात्र हसू आलं नाही. ती सीट गाण्याची होती.

हळूहळू ताई ‘चिमी कुठाय’ विचारेनाशी झाली. फाटकापर्यंत येईनाशी झाली. एकदा दारातूनच म्हणाली, ‘‘बरं आहे म्हणावं आमचं. नाही जमत तर नाही जमत. कारणं कशाला सांगायची?’’ लिफ्टवाल्यांनी हे घरी सांगितलं नाही. मला ऐकू आलं होतं, पण मला कोण विचारतो?

मग तो रविवार आला. आम्ही ताईच्या घरी पोचलो तर दाराला कुलूप. यांनी हाका मारल्या, मागच्या बाजूने फिरून आले, घाम पुसला. शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, ‘‘त्या पहाटेच्या बसने गेल्या की शहरात. बहिणीकडे जाते म्हणाल्या. तुम्हाला माहीत नाही?’’

एवढ्या वेगाने त्या वळणांवरून मी कधी उतरले नव्हते.

गल्लीत शिरलो आणि बघतो तर माझ्या जागेवर दोन बायका. चिमी स्टुलावर आणि तिच्या शेजारी, पालथ्या बादलीवर, ताई. दोघींचे गुडघे एकमेकींना लागलेले. यांनी दिवा लुकलुकवला, हलका हॉर्न दिला. चिमीने हात वर करून ‘थांबा’ म्हटलं आणि पुन्हा ताईकडे वळली. मागे गाड्या खोळंबल्या, म्हणून आम्हाला पुढे जावं लागलं. आम्ही एक चक्कर मारून आलो. मग आणखी एक. ताईमुळे दोघी ओरडून बोलत होत्या, त्यामुळे दर फेरीला त्यांच्या बोलण्याचा एकेक तुकडा माझ्या उघड्या खिडकीतून आत यायचा.

‘‘... मला वाटलं, पाहुण्यांना शिकवून पाठवतेस. जागा धरून बसते म्हणे! असलं कुठे असतं का?’’

पुढच्या फेरीला चिमी रडत होती.

‘‘... रोज वाटायचं गं. रोज. खिडकीतून गाडी दिसायची ना.’’

त्याच्या पुढच्या फेरीला ताई तिचा हात हातात घेऊन बसली होती. तिचा आवाज फक्त तेवढा एकदाच हळू झाला.

‘‘म्हणजे खरंच बसतेस. मी बघायला आले होते, खोटं आहे का. खोटं असतं तर बरं झालं असतं गं चिमे. तुझ्यावर रागावता तरी आलं असतं.’’

पेट्रोलचा काटा खाली आला. यांनी मला त्यांच्यासमोर उभं केलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. ‘‘अगं, उठा आता. मागे लोक हॉर्न मारतायत!’’

ताईला हॉर्न ऐकू येत नव्हते. चिमी ऐकत नव्हती. तिने डोळे पुसले, उठली, स्टूल घडी करून फाटकाआत ठेवलं आणि समोर बघून हाक मारली, ‘‘शिट्टीकाका! लावा तुमची गाडी.’’

काकांची शिट्टी तोंडातच विरली. ‘‘अं? अहो, तुमची जागा ती.’’

‘‘होती. लावा.’’

मग तिने माझं मागचं दार उघडून ताईला बसवलं आणि स्वतः पुढे बसली. आपल्या सीटवर. पट्टा ओढला.

‘‘अगं, पण जागा!’’ यांचा चेहरा पडला होता. ‘‘परत आल्यावर गाडी लावायची कुठे?’’

‘‘परत आणायचीच नाही. ताईचं अंगण आहे ना.’’

‘‘आणि आपण?’’

‘‘बसने.’’

‘‘तुला बस लागते.’’

‘‘लागू दे. उलटी होते, मरत नाही मी. तिथे पोचते तरी.’’

 इतकी वर्षं लोकांना लिफ्टमधून बाहेर काढणारा माणूस. त्या दिवशी त्यांना बाहेर काढायला बायकोला यावं लागलं. मग त्यांनी गिअर टाकला. वळणं सुरू झाली तेव्हा चिमीने गुणगुणायला सुरुवात केली आणि मागून ताई, काही ऐकू येत नसताना, ताल चुकवत टाळ्या वाजवत होती.

त्यानंतर मला विकायचाही प्रयत्न झाला. शहरातून एकजण बघायला आला. इंजिन बघितलं, टायर बघितले, आणि विचारलं, ‘‘जागेसकट आहे का?’’ नाही म्हटल्यावर परत गेला. तेव्हापासून मी इथेच आहे. चाकांतली हवा गेली, बॅटरी केव्हाच मेली. एक कोंबडी मागच्या सीटवर अंडी घालते. ती बोलत नाही.

आज चिमी आली होती. बसमधून उतरली ती पांढरीफटक. अंगणात येऊन माझ्या बॉनेटला हात टेकून जराशी उभी राहिली, श्वास घेतला. तिचा हात गरम होता. मग ताईने दार उघडलं आणि ती आत गेली. आता आतून दोघींचं मोठमोठ्याने बोलणं, हसणं ऐकू येतंय. बाहेर मी एकटी आहे. वाईट वाटतं का? वाटतं हो. इंजिन असलेल्या कुणालाही उभं राहणं आवडत नाही. पण मी त्या खिडकीखाली उभी होते ना, तेव्हा आम्ही दोघी एकट्या होतो. आता मी एकटीच आहे. हिशेब करायचाच तर हा करा.

मित्रांनो, तुमच्या घरी मोटार असेल तर तिला जपा. चाकांत हवा भरा, काचा पुसा, पानं झाडा. तेवढ्याने आम्हाला खूप बरं वाटतं. पण पुसता पुसता एकदा आत डोकावून बघा आणि घरात विचारा, की ही कुणासाठी आणली होती? आणि ते माणूस आत्ता कुठे बसलंय?