कोर्बिनियानच्या बिअरमध्ये मला काय सापडले

मित्रांनो, मी एक जुने तपासयंत्र आहे. जर्मनीतल्या बव्हेरियात, बिअरला कडवट चव देणाऱ्या हॉपच्या वेलींच्या मळ्यांच्या मुलखात, एका प्रयोगशाळेत माझे आयुष्य गेले. माझ्या पोटात भट्टी आहे आणि केसाएवढी बारीक, वेटोळी नळी आहे. बिअर हलवून तिचा फेस घालवतात, तिचा अर्क काढतात आणि त्याचा एक थेंब मला देतात. त्यात कीटकनाशक उरले असेल तर माझ्या पडद्यावरची रेघ टेकडीसारखी वर उठते. मला एवढेच कळते. बाकीच्या जगाने मला पार गोंधळात टाकले आहे.

तरुणपणी माझे केवढे कौतुक होते! पुढे नवे यंत्र आले आणि लोक माझ्या डोक्यावर कॉफीचे कप ठेवू लागले. मला चालवणाऱ्या इर्महिल्डबाईंचा विश्वास मात्र माझ्यावरच राहिला.

एकदा त्यांच्या गावचा कोर्बिनियान बिअर तपासून घ्यायला आला. गावच्या चर्चच्या जत्रेची बिअर पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच घरची असे. बाईंनी नमुन्यासाठी दिलेली तपकिरी बाटली त्याने रिकामीच परत आणली होती.

"औषधाच्या बाटलीत माझी बिअर? आजोबा थडग्यातून उठून कान पिळतील माझा!" असे म्हणत त्याने घरची, तारेच्या झाकणाची बाटली पुढे केली.

"कोर्बी, हे नियमात बसत नाही रे."

"बिअर बिअरच्या बाटलीत बसते ना? मग घे मुकाट्याने."

गावचाच माणूस, म्हणून बाईंनी ती घेतली.

माझी रेघ उठली. टेकडी कसली, डोंगरच! बाईंनी दुसरा थेंब दिला, तरी तेच.

"खुळावलंय हे म्हातारं!" कोर्बिनियान ओरडला. मला फार वाईट वाटले. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो तडक निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो त्याच्या आईला, वालबुर्गाआजींना, घेऊन आला.

"इर्महिल्ड, पोरी, त्या तारेच्या झाकणाच्या बाटलीत आधी माझं गुलाबांवर फवारायचं औषध होतं गं," आजी म्हणाल्या. "मी आपली विसळून फळीवर ठेवली, आणि यानं विचारलंसुद्धा नाही!"

भाजलेल्या मांसाच्या रश्शासाठी आजींनी त्याच बिअरचा एक मग काढून ठेवला होता. तीच त्यांनी सोबत आणली होती, आणि या वेळी बाईंनी ती तपकिरी बाटलीत ओतून घेतली. बाईंनी थेंब दिला. माझी रेघ सरळच राहिली.

आता सगळे हसतील, असे मला वाटले. कोणीच हसले नाही.

"आता बाकीची पिंपं जत्रेला लाव की," बाई म्हणाल्या.

"काल घरी गेलो तो सगळी गटारात ओतली," कोर्बिनियान म्हणाला. "गावातली माणसं डोळे मिटून पितात माझी बिअर. त्यांना विष कसं पाजू?" आणि तो धिप्पाड माणूस माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून रडू लागला.

मित्रांनो, मी दोन्ही वेळा खरेच सांगितले. तरी चांगली बिअर गटारात गेली आणि सरळ माणूस रडला. हे कसे झाले, ते मला अजून उमगत नाही. माझी एकच विनवणी आहे. आम्हां यंत्रांना काही विचारण्याआधी घरातल्या माणसांना एकदा विचारत जा. मला थेंबातले कळते. बाटली कुठून आली, हे विचारायला मला तोंड नाही.